साडेसहा टनांचा उतार

आईसफील्ड्स पार्कवे हा कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील, लेक लुईस ते जॅस्पर असा २३२ किलोमीटरांचा डोंगरी महामार्ग आहे. तो मी याआधी दोन वेळा मोटारीने पार केला होता, त्यामुळे कोणत्या वळणानंतर कोणते सरोवर दिसते आणि कोणत्या शिखरावर सकाळचे ऊन आधी येते, हे मला जवळजवळ पाठ झाले होते. २०२३च्या ऑगस्टअखेरीस दादा आणि वहिनी माझ्याकडे आले असताना तोच रस्ता भाड्याच्या मोटरहोमने, म्हणजे चाकांवरच्या घराने, करायचे ठरले, तेव्हा तिघांमधली जाणकार मीच ठरले आणि गाडी चालवण्याचे कामही ओघानेच माझ्याकडे आले. या रस्त्यावर दोन मोठे घाट आहेत, ही गोष्ट मात्र मला त्या प्रवासात पहिल्यांदा कळली. मोटारीतून जाताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवर थोडा अधिक दाबावा लागतो, एवढीच काय ती घाटाची जाणीव होते. पंचवीस फूट लांबीचे घर पाठीशी बांधून निघाल्यावर घाटाखेरीज दुसरे काही फारसे सुचत नाही.

कॅल्गरीतील भाडेकंपनीच्या आवारात गाडी ताब्यात घेण्याचा कार्यक्रम दीड तास चालला. गाडी ‘क्लास सी’ प्रकारची, म्हणजे पुढे ट्रकची असते तशी चालकाची केबिन, तिच्या डोक्यावर झोपण्याचा माळा आणि मागे बसायची-जेवायची जागा, ओटा, न्हाणीघर व पलंग. सांगाडा फोर्डच्या ई-४५० ट्रकचा होता. दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे साडेसहा टन, असे छापले होते आणि ही एवढी गाडी आल्बर्टाच्या साध्या ‘क्लास ५’ परवान्यावर चालवता येते. हे ऐकल्यावर दादाने आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की कायदा करणाऱ्यांनी आपल्याला विचारायला हवे होते असेच त्याला म्हणायचे असावे.

माहिती देणाऱ्या तरुणाला त्या दिवशी अशा सात-आठ गाड्या सोपवायच्या होत्या, त्यामुळे तो भराभर बोलत होता. स्वच्छ पाण्याची टाकी, भांडी आणि आंघोळीचे सांडपाणी साठवणारी ‘ग्रे’ टाकी आणि संडासाची ‘ब्लॅक’ टाकी. स्वयंपाक, हीटर, गरम पाणी आणि फ्रिज या सगळ्यांना लागणारा प्रोपेन गॅस. इंजिनाची एक बॅटरी आणि घराची वेगळी बॅटरी. कॅम्पग्राउंडवर विजेची सोय असेल तर जोडायची जाड केबल. हे सगळे आम्ही वहीत उतरवून घेतले. जाता जाता त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीच्या टोकाला एक बटण आहे, ते उतारावर दाबा. आणि रात्री गाडी उभी करताना ती समतल आहे ना, ते पाहा. या दोन वाक्यांवर त्याने मिळून वीस सेकंदही घालवले नसतील आणि आमच्या वहीतही ती नव्हती. प्रवासातल्या आमच्या दोन मोठ्या अडचणी मात्र याच दोन वाक्यांतून निघाल्या, म्हणून अशी गाडी पहिल्यांदा घेणाऱ्यांना मी सुचवेन, की माहिती देणारा जिथे घाई करतो, नेमके तिथेच त्याला थांबवावे.

आवारातून बाहेर पडतानाच पहिला धडा मिळाला. मागच्या चाकांच्या पाठीमागे गाडीचा मोठा भाग अधांतरी असतो. तुम्ही उजवीकडे वळायला लागलात, की हा मागचा भाग आधी डावीकडे झुलतो. मोटार चालवण्याच्या सवयीमुळे आपली सारी नजर वळणाच्या बाजूला असते आणि धोका विरुद्ध बाजूला, तोही पाठीमागे. लेक लुईसच्या पेट्रोलपंपावर डिझेल-पेट्रोलच्या यंत्रांचे रक्षण करणारा पिवळा लोखंडी खांब आमच्या डाव्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर होता. मी निघताना उजवीकडे चाक फिरवले, तेव्हा मागे उभा असलेला दादा “थांब! थांब!” म्हणून ओरडला. उतरून पाहिले तर खांब आणि गाडीची पातळ पत्र्याची भिंत यांच्यात जेमतेम चार बोटांची फट उरली होती. तेव्हापासून कुठूनही निघताना आधी गाडीची निम्मी लांबी सरळ पुढे काढायची आणि मगच चाक फिरवायचे, असा नियम केला. मागे घेताना दादा नेहमी मला आरशात दिसेल अशाच जागी उभा राहील, तो दिसेनासा झाला की मी ब्रेक दाबेन, हा दुसरा नियमही त्याच पंपावर ठरला.

कॅल्गरी ते लेक लुईस हा ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा टप्पा मी थोडक्यात आटोपते. चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंनी वन्यप्राण्यांना रोखणारे उंच जाळीचे कुंपण आणि त्या प्राण्यांना पलीकडे जाता यावे म्हणून महामार्गावरून बांधलेले, माती घालून झाडे लावलेले पूल. पठारावर आडवा वारा होता आणि भिंतीएवढी बाजू असलेली गाडी त्या वाऱ्यात सारखी सरकू पाहत होती. आत कपाटांतली भांडी वाजत होती. एका वळणावर चमच्यांचा खण सरकन उघडला, तेव्हा निघण्यापूर्वी सर्व खणांच्या कड्या तपासण्याचे काम वहिनींनी आपणहून अंगावर घेतले आणि शेवटपर्यंत निभावले.

लेक लुईसच्या पुढे दोन-तीन किलोमीटरांवर महामार्ग सोडून उत्तरेला वळले, की पार्कवे सुरू होतो. हा सारा रस्ता आधी बॅन्फ आणि मग जॅस्पर अशा दोन राष्ट्रीय उद्यानांतून जातो, त्यामुळे उद्यानाचा पास असल्याशिवाय त्यावर जाता येत नाही. बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर आहे आणि मालवाहू ट्रकांना बंदी आहे. वाटेत इंधन मिळण्याचे एकच ठिकाण, सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंग, तेही हंगामापुरते उघडे. मोबाइलला बहुतेक वाटेवर रेंज नाही. आमची गाडी शंभर किलोमीटरला पंचवीस लिटरच्या आसपास पेट्रोल पीत होती, म्हणून लेक लुईसलाच टाकी काठोकाठ भरली होती. इंधन भरताना प्रोपेनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो आणि नंतर तो आठवणीने उघडावा लागतो. आम्ही तो उघडायला विसरलो आणि बो सरोवराकाठी चहाचे आधण ठेवल्यावर शेगडी का पेटत नाही, याचा पंधरा मिनिटे शोध घेत बसलो.

बो सरोवरापासून बो समिटपर्यंतचा चढ सौम्य आहे, असे मी दादाला दोनदा सांगितले होते. सुमारे २,०७० मीटर उंचीचा हा माथा म्हणजे पार्कवेवरील सर्वांत उंच जागा. वजनदार गाडीचे इंजिन तिथे जीव तोडून ओरडू लागले, वेग सत्तरवर आला आणि आरशात पाहिले तर पाठीमागे मोटारींची रांग लागलेली. पूर्वी अशा रांगेत मी मागे असे आणि पुढच्या मोटरहोमवाल्याला मनातल्या मनात बरेच काही सुनावत असे. आता रस्त्याच्या कडेला थांबायची मोकळी जागा दिसली, की दिवा लावून बाजूला व्हायचे आणि सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचे. याने आपली पाच मिनिटे जातात, पण आरशातली ती रांग डोक्यावरून उतरते आणि मग चालवणे पुष्कळ सोपे होते.

माथ्यावरून पायवाटेने गेल्यावर पेटो सरोवर दिसते. बॅन्फ उद्यानाच्या सुरुवातीच्या काळातील वाटाड्या आणि रक्षक बिल पेटो याचे नाव त्याला दिलेले आहे. हिमनदी खडक घासत सरकते, त्याचे पिठासारखे बारीक कण वितळलेल्या पाण्यातून सरोवरात येतात आणि तरंगत राहतात. त्यांच्यावरून विखुरलेल्या प्रकाशामुळे पाण्याला तो दुधट निळा रंग येतो. तिथे गर्दी इतकी होती, की कठड्यापाशी पोहोचायलाच वेळ लागला. सरोवर सुंदर आहे यात वाद नाही, पण आम्हाला त्या दिवशी लक्षात राहिला तो त्यानंतरचा उतार.

बो समिटपासून मिस्टाया नदीच्या खोऱ्यात रस्ता उतरत जातो. मी मोटारीत करते तेच केले, म्हणजे गिअर ‘डी’मध्ये ठेवला आणि वेग वाढला की ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. हलका पाय हळूहळू जड झाला. काही किलोमीटर गेल्यावर वहिनी मागून म्हणाल्या, “अगं, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय.” मला आधी शेगडीची शंका आली. पुढच्या मोकळ्या जागी गाडी थांबवून उतरलो, तेव्हा वास पुढच्या चाकांचा होता. दादाने तळहात चाकाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. धूर नव्हता आणि ब्रेक निकामी झाले नव्हते, पण पेडल आधीपेक्षा अधिक खोल जाते आहे असे मला वाटू लागले होते आणि ते वाटणे खरे असण्याचीच शक्यता अधिक होती.

अर्धा तास तिथे थांबलो. उतारावर येणारी साडेसहा टनांची गाडी आपली सारी शक्ती कुठे तरी टाकणारच. ब्रेक सतत घासत ठेवले तर ती सगळी उष्णता होऊन ब्रेकच्या तबकड्यांत साठते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तापलेले ब्रेक पकड सोडतात. “ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे ट्रकवाल्यांना विचारलं तरी सांगतील,” दादा म्हणाला. ऑटोमॅटिक गाडीत गिअर कुठे असतात, असे मी विचारायच्या आतच त्याचे लक्ष गिअरच्या दांडीच्या टोकाकडे गेले. त्यावर ‘टो/हॉल’ असे लिहिलेले बटण होते, जे त्या तरुणाने आम्हाला वीस सेकंदांत सांगून टाकले होते. ते दाबले, की उतारावर ब्रेकचा एक नेमका दाब मिळताच गाडी आपणहून खालच्या गिअरमध्ये येते, इंजिनाचे फेरे वाढतात आणि इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. आवाज मोठा होतो. पहिल्यांदा ऐकताना काही मोडले की काय असे वाटते. पण वेग जागच्या जागी राहतो आणि ब्रेक थंड राहतात. ते लागतात ते मधूनमधून, ठाम आणि थोडा वेळ. उरलेला उतार मी असाच उतरले आणि मिस्टायाच्या काठी आल्यावर माझ्या लक्षात आले, की स्टिअरिंगवरची माझी बोटे पांढरी पडली होती.

त्या रात्रीचा मुक्काम वॉटरफाउल लेक्स कॅम्पग्राउंडवर झाला. रस्त्याकडेच्या थांब्यांवर रात्र काढायला इथे मनाई आहे. मुक्काम कॅम्पग्राउंडवरच करावा लागतो. जागा सपाट होती, झाडी दाट होती, विजेची जोडणी नव्हती. अस्वलांमुळे खाण्याची कोणतीही वस्तू, रिकामे भांडे, साबणसुद्धा बाहेर ठेवता येत नाही आणि कर्मचारी त्यासाठी खरोखरच फेरी मारतात. आमची सगळी घडी नीट बसली, पाणी गरम झाले, हीटर लागला, फ्रिजमधले दूध थंड राहिले. तेव्हा आता आपल्याला यातले सारे समजले, असा समज तिघांचाही झाला.

दुसऱ्या दिवशी सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंग ओलांडले. मिस्टाया, हाउस आणि नॉर्थ सस्कॅचवान या नद्या तिथे एकत्र येतात आणि रस्ता सुमारे १,४०० मीटरांपर्यंत खाली आलेला असतो. बो समिटच्या दक्षिण अंगाचे पाणी बो नदीने आणि उत्तर अंगाचे पाणी मिस्टायाने जाते. एका माथ्यावर फारकत झालेले हे पाणी पुढे शेकडो किलोमीटरांवर सस्कॅचवान नदीत पुन्हा एकत्र येऊन हडसन उपसागराला मिळते. गाडीने मात्र पहिल्या माथ्यापर्यंत मिळवलेली सारी उंची इथे गमावलेली असते आणि ती सनवाप्टा खिंडीपर्यंत, म्हणजे सुमारे २,०३५ मीटरांपर्यंत, पुन्हा मिळवायची असते. त्यातला बराच भाग ‘बिग बेंड’ नावाच्या एकाच भल्या मोठ्या वळणात आणि त्यापुढच्या चढात आहे.

हा रस्ता १९३१मध्ये, जागतिक मंदीच्या काळात, बेरोजगारांना काम देण्यासाठी हाती घेण्यात आला. एक तुकडी लेक लुईसकडून आणि दुसरी जॅस्परकडून अशी कामे सुरू झाली. यंत्रे थोडी आणि घोडे, फावडी, कुदळी अधिक, असा तो कारभार होता. दोन्ही तुकड्या १९३९मध्ये बिग बेंडपाशीच एकमेकींना भेटल्या आणि १९४०मध्ये रस्ता रीतसर खुला झाला. आजचा रुंद, डांबरी रस्ता त्यानंतरचा, १९६०च्या सुमारास नव्याने केलेला. वळणाच्या पोटात थांबून वर पाहिले, तर आपल्याला जायचे आहे तो रस्ता डोक्यावरच्या कड्याला चिकटलेल्या रेघेसारखा दिसतो. मोटारीने जाताना मी तिथे थांबून दरीचा फोटो काढला होता. या वेळी इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा पाहिला, एसी बंद केला, ‘टो/हॉल’ दाबले आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी पन्नासच्या आतबाहेर, तो चढ चढून गेले. मागे रांग लागली होती. वर पोहोचल्यावर सर्वांना वाट दिली.

खिंड ओलांडली, की बॅन्फ संपते आणि जॅस्पर उद्यान सुरू होते. लगेच उजव्या हाताला विल्कॉक्स कॅम्पग्राउंड लागते. इथे आधी जागा राखून ठेवता येत नसे. जो आधी येईल त्याने रिकामी जागा धरायची, पाकिटावर माहिती लिहून ते पेटीत टाकायचे. प्रवेशापाशी सत्तावीस फुटांहून लांब गाड्यांसाठी हे ठिकाण योग्य नाही अशी सूचना आहे आणि आमची गाडी पंचवीस फुटांची. दोन फुटांच्या या फरकावर विसंबून मी आत शिरले. आतले रस्ते अरुंद आणि खडे, जागा लहान आणि जवळजवळ प्रत्येक जागा उताराची. समोर मात्र अथाबास्का शिखर आणि त्याच्या अंगावरचा बर्फ असा काही उभा होता, की परत फिरण्याचा विषय कोणी काढला नाही.

गाडी समतल करणे म्हणजे काय, हे आम्ही तिथे शिकलो. सोबत दिलेले दोन पिवळे प्लॅस्टिकचे पायरीवजा ठोकळे खालच्या बाजूच्या चाकांपुढे ठेवायचे आणि गाडी त्यांवर चढवायची. दादाने ओट्यावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली आणि तिच्यातल्या बुडबुड्याकडे बघत तो मला सांगू लागला: थोडे पुढे, आणखी थोडे, बस, अगं बस! ठोकळ्यांची सर्वांत वरची पायरी संपली तरी बुडबुडा मध्यावर आला नाही. गाडीचे नाक चार-पाच बोटे खालीच राहिले. झोपताना डोके वरच्या बाजूला केले की झाले, असे म्हणून आम्ही ते सोडून दिले.

रात्री वहिनींना फ्रिजमधले दूध कोमट लागले. या गाड्यांतला फ्रिज घरातल्यासारखा कॉम्प्रेसरवर चालत नाही. प्रोपेनच्या लहानशा ज्योतीने अमोनियाचे द्रावण तापते, वाफ होते, थंड होते आणि गुरुत्वाकर्षणाने उतरत्या नळ्यांतून परत खाली येते. या फेऱ्यावर थंडावा अवलंबून असतो. त्यात पंप नाही, हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाजही नाही. पण गाडी तिरपी असेल तर द्रावण नळीत भलत्याच ठिकाणी साचते, फेरा थांबतो आणि असे बराच वेळ चालू राहिले तर फ्रिज कायमचा बिघडू शकतो. ‘समतल आहे ना, ते पाहा’ याचा संबंध आमच्या सुखाने झोपण्याशी नव्हता, तर या नळ्यांशी होता. फ्रिज बंद केला आणि दूध, लोणी एका डब्यात घालून चालकाच्या केबिनमध्ये ठेवले. तिथे बाहेरच्याइतकीच थंडी होती, त्यामुळे ते उत्तम टिकले.

पहाटे तीनच्या सुमारास एक बारीक, टोचणारा ‘टिक्’ असा आवाज सुरू झाला. दर अर्ध्या मिनिटाने एकदा. दादा टॉर्च घेऊन जमिनीवर वाकला आणि पलंगाखालच्या गॅस-सूचकाचा तांबडा दिवा लुकलुकताना त्याला दिसला. गॅस गळतो आहे की काय या भीतीने आम्ही दार उघडून बाहेर आलो. बाहेर गोठणबिंदूच्या आसपास थंडी, आकाशात चांदण्यांचा नुसता खच आणि अंगावर पांघरुणे गुंडाळून उभे असलेले आम्ही तिघे. वास मुळीच नव्हता. पुस्तिकेत शोधल्यावर कळले, की हा इशारा गॅसचा नसून घराच्या बॅटरीचा दाब खाली गेल्याचा होता. हीटर प्रोपेनवर चालतो, हे खरे. पण त्यातली गरम हवा घरात ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो आणि तो पंखा रात्रभर थांबून-थांबून चालला होता. बॅटरी जुनी होती. जनरेटर ठरावीक तासांतच लावता येतो, शिवाय तो सुरू व्हायलाही हीच बॅटरी लागते. हीटर बंद करून, होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवून आम्ही सकाळपर्यंत बसून राहिलो आणि उजाडल्यावर इंजिन सुरू केले, तेव्हा त्याने दोन्ही बॅटऱ्या भरायला घेतल्या. गाडी सोपवताना या बॅटरीची तपासणी कंपनीने करायला हवी होती, असे माझे आजही मत आहे. आम्हीही मीटरचे बटण दाबून पाहिले नव्हते, हेही तितकेच खरे.

कॅम्पपासून दोन किलोमीटरांवर अथाबास्का हिमनदीचे तोंड आहे. पायवाटेवर ठिकठिकाणी सालांच्या पाट्या आहेत: त्या त्या साली बर्फाची कड इथपर्यंत होती. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरांहून अधिक मागे सरली आहे. पाट्यांमधून चालताना आपण बर्फाकडे जात असतो आणि प्रत्येक पाटीपाशी बर्फ पुन्हा तेवढाच दूर वाटतो. माझ्या पहिल्या फेरीत मी जिथे उभी राहून फोटो काढला होता, ती जागा मला सापडली. कड आता तिथे नव्हती. हिमनदीवर पर्यटकांना नेणाऱ्या अवाढव्य चाकांच्या बसगाड्या ३२ टक्क्यांच्या चढाचा रस्ता उतरून बर्फावर जातात. शंभर मीटर पुढे गेल्यावर बत्तीस मीटर खाली. दादा तो रस्ता लांबून बराच वेळ बघत राहिला आणि ती बस कोणत्या गिअरमध्ये उतरत असेल, एवढाच प्रश्न त्याने विचारला.

वरच्या कोलंबिया आईसफील्ड या हिमक्षेत्रावर स्नो डोम नावाचा घुमट आहे. त्याच्या एका अंगाचे पाणी नॉर्थ सस्कॅचवान नदीतून हडसन उपसागराकडे, म्हणजे अटलांटिकच्या बाजूला, जाते. दुसऱ्या अंगाचे कोलंबिया नदीतून प्रशांत महासागराला. आणि तिसऱ्या अंगाचे अथाबास्का व पुढे मॅकेन्झी नदीतून आर्क्टिक महासागराला. मी हे पूर्वी दोनदा पाटीवर वाचले होते. रात्रभर ओट्यावरच्या बुडबुड्याशी झगडल्यावर ते जरा निराळे वाचले जाते. आमची गाडी ज्या बाजूला कलली होती, त्या बाजूने न्हाणीघरातले सांडलेले पाणी गेले असते तर आर्क्टिककडे गेले असते, असे दादाने हिशेब करून सांगितले.

सनवाप्टाचा उतार मी सुरुवातीपासून खालच्या गिअरमध्ये उतरले. पुढे सनवाप्टा आणि अथाबास्का हे दोन धबधबे पाहिले. दुसरा जेमतेम तेवीस मीटर उंचीचा, पण एवढी मोठी नदी एवढ्या अरुंद खडकात कोंबली जाते, की जमीन पायाखाली थरथरते. वाटेत एका ठिकाणी रस्त्यावर दहा-बारा मोटारी वेड्यावाकड्या थांबल्या होत्या, कारण कडेच्या झुडपांत काळे अस्वल फळे खात होते. अस्वलापासून निदान शंभर मीटर अंतर ठेवावे असा उद्यानाचा नियम आहे आणि निम्मे लोक गाडीबाहेर उभे होते. पंचवीस फुटांची गाडी तिथे थांबवायला जागाच नव्हती, त्यामुळे आम्ही तरी तो नियम विनासायास पाळला.

जॅस्परजवळच्या मोठ्या कॅम्पग्राउंडवर शेवटचे आणि सर्वांनी टाळत आणलेले काम आले, ते म्हणजे टाक्या रिकाम्या करणे. सांडपाण्याच्या जागी सिमेंटच्या उतरत्या ओट्यात लोखंडी झाकणाचे भोक असते. हातमोजे घालायचे, जाड घड्यांचा पाइप आधी गाडीला फिरवून घट्ट बसवायचा, दुसरे टोक भोकात घालून त्यावर दगड ठेवायचा, मग ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह ओढायचा. ती रिकामी झाल्यावरच ग्रे टाकीचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. आमचा पाइप मध्ये लोंबकळत होता, त्या खळग्यात सगळे तुंबले आणि पाइप फुगू लागला. शेजारच्या गाडीतले एक वयस्कर गृहस्थ काही न बोलता आले, त्यांनी पाइपाचे गाडीकडचे टोक हाताने वर उचलले आणि तो हळूहळू खांद्याच्या उंचीवरून भोकाकडे सोडत गेले. पाइपातून खळाळ ऐकू आला. त्यांनी मान डोलावली आणि ते आपल्या गाडीकडे निघून गेले.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, २०२४च्या जुलैत, वणवा जॅस्पर गावात शिरला आणि तिथल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. आम्ही मुक्काम केला त्या परिसरातल्या जळालेल्या झाडांचे फोटो पाहताना ती सिमेंटची जागा कुठे असेल, हे मी शोधत राहिले होते.

परतीचा प्रवास त्याच रस्त्याने केला. सनवाप्टा खिंडीतून दक्षिणेला बिग बेंड उतरताना मी माथ्यावरच ‘टो/हॉल’ दाबले, वेग चाळीसवर आणला आणि इंजिनाला ओरडू दिले. ब्रेकवर पाय तीन वेळा ठेवला, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद. वळणाच्या पोटात थांबलो, तेव्हा वहिनी मागे जाऊन खण तपासू लागल्या आणि दादा खाली उतरून पुढच्या चाकापाशी बसला. या वेळी त्याने तळहात बराच वेळ तिथे ठेवला.

“काय रे?” मी खिडकीतून विचारले.

“कोमट आहे,” तो म्हणाला.